किती पळते आणि कुठे गळते

गाडी ‘बनवायला’ टाकायची म्हणजे आधी यादी येते. यादीत पहिला टर्बो, मग इंटरकूलर, मग ईसीयूचं नवं ट्यूनिंग, मग शेजाऱ्यांची झोप उडवणारा सायलेन्सर, मग चाकं, सीट आणि मागच्या काचेवर गॅरेजच्या नावाचा स्टिकर. प्रत्येकापुढे आकडा, आणि आकड्यात शून्यांची चंगळ. सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात एक ओळ: ‘फिटिंग वगैरे’.

या ‘वगैरे’तून पेट्रोल जातं.

टाकीतला पंप, फिल्टर, इंजेक्टरची रेल, रेग्युलेटर आणि परतीची नळी. यांच्यातल्या प्रत्येक जोडाला फिटिंग लागतं, आणि एकाचे आटे दुसऱ्याशी जुळत नसले की मध्ये ॲडॅप्टर लागतो. यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच. ती आणायला गॅरेजमधला सगळ्यात लहान पोऱ्या जातो आणि निघताना त्याला बजावलं जातं, “सहा नंबरचं आण. निळं असेल तर बघ.” टर्बो निवडण्यासाठी मालक महिनोन् महिने व्हिडिओ बघतो. ॲडॅप्टरची निवड पोऱ्याच्या खिशातल्या सुट्ट्या पैशांवर ठरते.

गाडी तयार होते. रविवारी सकाळी बॉनेट उघडतं, चार डोकी वाकतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पळते? कुठे गळते, हे विचारायची आपल्याकडे रीत नाही.

आता थोडं दाबाचं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलच्या नळीतला दाब ४ ते ६ पौंड असायचा. जोड सैल झाला तर पेट्रोल पाझरायचं, वास यायचा, मिस्त्री क्लिप आवळायचा, विषय मिटायचा. इंजेक्शनच्या गाडीत हाच दाब ३ ते ४ बार, म्हणजे साधारण ४३ ते ५८ पौंड. टायरमध्ये आपण ३२ भरतो. म्हणजे फुटला तर दणका देणाऱ्या टायरपेक्षा जास्त दाब एका बोटभर जाडीच्या नळीत आहे, आणि तिच्यात हवा नाही, पेट्रोल आहे. टर्बोच्या गाडीला बूस्टशी जोडलेला रेग्युलेटर असला की बूस्ट जितका चढेल तितका हा दाबही चढतो. इथे जोड सैल असला तर पेट्रोल पाझरत बसत नाही, फवारतं. आणि हातभर अंतरावर टर्बोचं घर तापून लालबुंद झालेलं असतं. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घ्यायला तयार असते. तिला आपल्या मे महिन्याची गरज नाही.

एवढ्यावर मिस्त्रीचं उत्तर एका शब्दात असतं. “बसतंय.”

हे ‘बसतंय’ जवळून बघू. बाकावर दोन वस्तू ठेवा. एक, एएन सहा नंबरचा नट. दुसरी, मेट्रिक १४ बाय १.५ आट्यांचं फिटिंग. नुसत्या नजरेने दोन्ही एकाच घरातली वाटतील. आता व्हर्नियर काढा. सहा नंबरच्या आट्यांचा बाहेरचा व्यास भरतो १४.२९ मिलिमीटर, मेट्रिकचा १४. सहा नंबरला एका इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.४१ मिलिमीटर. मेट्रिकचं १.५. एका आट्यामागे फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजला तर नऊ. मेट्रिकचं टोक सहा नंबरच्या नटात घातलं की पहिले दोन आटे बोटांनी फिरतात. तिसऱ्याला जरा जड जातं. चौथ्याला मिस्त्री पाना मागतो. कांदेपोहे खाऊन झाले म्हणजे लग्न झालं असं कोणी मानत नाही, पण दोन आटे फिरले की आमचा मिस्त्री अक्षता टाकून मोकळा.

पुढचं काम अॅल्युमिनियम करतं. पोलाद असतं तर त्याने विरोध केला असता. अॅल्युमिनियम सोशिक. पान्याचा जोर आला की आपला आकार सोडून समोरच्याचा आकार घेतं. पाना थांबतो, मिस्त्रीला वाटतं घट्ट झालं. घट्ट झालेलं नसतं, अडकलेलं असतं. आतला शंकू समोरच्या शंकूला टेकलेलाच नसतो, आणि या फिटिंगमध्ये पेट्रोल अडवायचं काम त्या शंकूचं. आट्यांचं काम फक्त दोन शंकू एकमेकांवर दाबून धरायचं. आटे पेट्रोल अडवतात ही समजूत नळाच्या कामातून आली आहे, आणि ती टेप घेऊनच आली आहे. टेपकडे वळूच.

त्याआधी या नंबरांची भानगड. एएन म्हणजे आर्मी-नेव्ही. अमेरिकेच्या लष्कराची विमानं आणि नौदलाची विमानं एकाच मापाच्या सुट्या भागांनी दुरुस्त करता यावीत, म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुळलेलं हे माप. युद्ध संपलं, विमानांचं सामान भंगाराच्या भावाने बाजारात आलं, आणि कॅलिफोर्नियातल्या वेगवेड्या पोरांनी ते उचललं. बिल बर्क नावाच्या गड्याने तर १९४६ साली लढाऊ विमानाच्या जादा इंधनटाकीलाच चाकं आणि इंजिन लावून कोरड्या सरोवरावर पळवायची गाडी केली. हेच माप पुढे शर्यतीच्या मोटारींचं होऊन बसलं. लढाऊ विमानांच्या हिशोबाने केलेली वस्तू आता कोथरूडच्या पार्किंगमध्ये निळी-तांबडी होऊन चमकते.

नंबर म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास, इंचाच्या सोळाव्या भागांत. सहा नंबर म्हणजे सहा सोळांश, म्हणजे तीन अष्टमांश इंच, म्हणजे आपल्या लेथवाल्याचं तीन सूत. आठ नंबर म्हणजे चार सूत, अर्धा इंच. दहा नंबर म्हणजे पाच सूत. सुताला दोनने गुणलं की एएन. भोसरीतला साठी उलटलेला टर्नर हा हिशोब तोंडी करतो. इंजिनिअर मालक त्यासाठी चार्ट डाउनलोड करतो, आणि चार्ट गाडीत विसरतो.

गोम अशी की हा नंबर नळीचा आहे, आट्यांचा नव्हे. तीन सुताच्या नळीच्या नटाचे आटे नऊ सोळांश इंच व्यासाचे. चार सुताच्या नळीच्या नटाचे पाऊण इंच. त्यामुळे “तीन सुताचं फिटिंग द्या” म्हणत हार्डवेअरच्या दुकानात गेलात, तर दुकानदार प्रामाणिकपणे तीन सुताचं फिटिंग देईल. नळाचं. ब्रिटिश आट्यांचं. त्याची काही चूक नाही. त्याच्या दुकानात ऑक्टाव्हिया आरएस येत नाही, मोरीचा नळ येतो.

एसीवाल्याकडे जाल तर आणखी मजा. स्प्लिट एसीच्या तांब्याच्या नळीचं तोंड फुलवतात ते ४५ अंशांत. एएनचा शंकू ३७ अंशांचा. आठ अंशांचा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि अर्ध्या इंचाच्या मापात दोघांचे आटे अगदी एकच: पाऊण इंच, इंचाला १६. एसीवाल्याचा पितळी नट एएनच्या आठ नंबरवर शेवटपर्यंत, बिनतक्रार, गोड फिरतो. इथे तर ‘बसतंय’ शंभर टक्के खरं. फक्त शंकू शंकूवर पूर्ण न बसता एका बारीक रेघेवर टेकतो. गाडी उभी असताना ती रेघ टिकते. इंजिन थरथरायला लागलं, खंबाटकीचा घाट आला, की टिकण्याची जबाबदारी देवावर.

तिसरा सापळा सगळ्यात छोटा, म्हणून सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं खाणारा. रेग्युलेटरला दाबाचं मीटर किंवा सेन्सर लावायला एक भोक असतं. ते बहुधा अमेरिकी पाइपच्या आट्यांचं, एक अष्टमांश: इंचाला २७ आटे, निमुळते. आपल्या नळकामातलं एक अष्टमांश ब्रिटिश घराण्यातलं, इंचाला २८. आणि गाड्यांच्या सेन्सरवर सर्रास दिसणारे मेट्रिक १० बाय १ चे आटे जाडीने या दोघांच्या अधेमधे. तिघंही एकमेकांत दोन-तीन आटे शिरतात. म्हणून तिघांपैकी जो हाताला लागेल तो लावला जातो, आणि उरलेलं काम टेपवर सोपवलं जातं.

तर टेप. पांढरी टेफ्लॉन टेप ही आपली राष्ट्रीय समजूत आहे. नळ गळतो, टेप. गीझर गळतो, टेप. पेट्रोल गळतं, दुप्पट टेप. निमुळत्या पाइपच्या आट्यांना काहीतरी भरण लागतं हे खरं. ते आटे एकमेकांत पाचरीने रुतून पेट्रोल अडवतात आणि उरलेली फट भरणाने बुजते. पण त्यासाठी पेट्रोलला दाद न देणारं द्रवरूप सीलंट मिळतं, आणि तेही टोकाचे पहिले दोन आटे कोरडे ठेवून लावायचं. एएनच्या शंकूला टेप लावणं म्हणजे ज्याला काम नाही त्याला कामावर ठेवणं. आटे आवळताना टेपचे बारीक तुकडे सुटतात, पेट्रोलबरोबर पुढे जातात आणि फिल्टरच्या पलीकडच्या जोडातून सुटले असतील तर थेट इंजेक्टरच्या तोंडाशी जाऊन बसतात. केसाएवढ्या भोकाचा इंजेक्टर अर्धा बुजला की त्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतं, आणि बूस्टवर असताना पेट्रोल कमी पडलं की पिस्टनला भोक पडायला ओव्हरटेक करायचाही वेळ लागत नाही. सुट्ट्या पैशांची टेप, लाखाचं इंजिन.

टेपचा धाकटा भाऊ म्हणजे तांब्याचं वायसर. ज्याच्या आतून पेट्रोल जातं त्या पोकळ बँजो बोल्टच्या दोन्ही अंगांना ते लागतं आणि एकदा दबलं की बदलायचं असतं. आपल्याकडे ते गॅसवर लाल करून, पाण्यात टाकून पुन्हा बसवतात. तांबं तापवलं की मऊ होतं हे शास्त्र बरोबर आहे. पण त्यावर पडलेली खाच तापवून जात नाही, आणि नव्या वायसरची किंमत चहा येईपर्यंतच्या गप्पांपेक्षा कमी असते.

रंगाबद्दल न बोलून कसं चालेल? निळा आणि तांबडा हा एएन ॲडॅप्टरचा ठरलेला पोशाख, हल्ली काळ्याची फॅशन. रंग म्हणजे अॅल्युमिनियमवरचा ॲनोडायझिंगचा थर. तो पृष्ठभाग वाचवतो. कोन, आटे आणि धातूची प्रत याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. तरी गिऱ्हाईक आधी रंग जुळवतं, मग माप. इंजिनबेमध्ये दोन निळ्या छटा वेगळ्या दिसल्या तर ते दुकानात परत जाईल. ३७ आणि ४५ वेगळे आहेत म्हणून परत गेलेलं गिऱ्हाईक माझ्या पाहण्यात नाही.

ज्यांना दिखाव्याशी देणंघेणं नाही, त्यांच्यासाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट आहे. तिथे हायड्रॉलिक होजच्या दुकानात ‘जेआयसी’ म्हणून मागा. कोन तोच ३७ अंश, आटे तेच, शर्यतीच्या फिटिंगला व्यवस्थित जुळणारे. पोलादी, जड, करडं, आणि फोटोत अजिबात न खुलणारं. एएनइतकी बारकाईची सूट-मर्यादा त्याच्या आट्यांना नसते आणि वजन जास्त भरतं, पण इंधनाच्या जोडाला ते पुरून उरतं. किंमत ऐकून आमच्या ओळखीच्या एका तरुणाने तोंड वाकडं केलं. “एवढं स्वस्त? मग चांगलं नसणार.” दुकानदार त्याच्याकडे न बघता म्हणाला, “साहेब, क्रेनला लावतात हे. तुम्हाला महाग पाहिजे असेल तर रंगवून देतो.”

मापाच्या हौसेचं तसंच. पंप मूळचा, इंजेक्टर मूळचे, पण नळी दहा नंबरची, कारण परदेशातल्या कुणाच्या हजार अश्वशक्तीच्या गाडीला दहा नंबर होती. पेट्रोलवर चालणाऱ्या चारशे-साडेचारशे अश्वशक्तीच्या गाडीला सहा नंबर पुरतो, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आपल्याकडच्या बहुतेक ‘बनवलेल्या’ गाड्या त्या आकड्याच्या आसपाससुद्धा फिरकत नाहीत. सोसायटीच्या गप्पांतली अश्वशक्ती वेगळी, तिला नळी लागत नाही. पंप देईल तेवढंच पेट्रोल नळीतून जाणार. नळी जाड केली म्हणून पंपाला हुरूप येत नाही. उलट मूळच्या पंपाच्या बारीक तोंडाला दहा नंबर जोडायचा म्हणजे मध्ये रिड्यूसर आला. रिड्यूसर सरळ बसेना म्हणून बेंड आला. बेंडचे आटे वेगळे म्हणून आणखी एक ॲडॅप्टर आला. पंपाच्या तोंडापासून नळीपर्यंत वीतभर लांबीची एक आगगाडी तयार होते आणि प्रत्येक डब्याच्या दोन्ही टोकांना गळण्याची जागा.

ॲडॅप्टरविषयीचं सगळं शहाणपण या आगगाडीत आहे. ॲडॅप्टर ही चूक नव्हे. दोन वेगळ्या घराण्यांचे आटे एकत्र आणायचे तर तो लागतोच. बॉश ०४४ या नावाजलेल्या पंपाचंच बघा: आत येणारं तोंड मेट्रिक १८ बाय १.५, बाहेर जाणारं १२ बाय १.५. तिथून एएनच्या नळीवर जायला दोन ॲडॅप्टर हवेतच, एका अंगाला मेट्रिक, दुसऱ्या अंगाला ३७ अंशांचा शंकू. हे झाले गरजेचे. त्यापुढचा प्रत्येक ॲडॅप्टर म्हणजे कुठेतरी कुणीतरी न मोजता घेतलेल्या वस्तूची पावती. बॉनेट उघडून ॲडॅप्टर मोजले की मालकाने नियोजन किती केलं ते कळतं. अश्वशक्ती मोजणाऱ्या डायनोचा कागद मागायची गरज नाही.

शर्यतीचे नियम करणाऱ्यांना हे फार पूर्वी कळलं. एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संस्थेच्या सुरक्षेच्या नियमांत इंधनाची नळी माणसं बसतात त्या भागातून न्यायला परवानगी आहे, पण तिथे जोड चालत नाही. जोड फक्त पुढच्या आणि मागच्या आडभिंतीवर. म्हणजे ज्यांच्याकडे जगातले उत्तमोत्तम फिटर आहेत, ते म्हणतात की जोडावर आमचा भरवसा नाही, तो चालकापासून लांब ठेवा. आपल्याकडे सीटच्या खाली टेप गुंडाळलेला जोड असतो आणि त्यावर मॅट.

‘जवळपास तेच आहे, बसतंय’ हा फक्त आपल्या गल्लीतला आजार आहे असंही समजू नका. ऑगस्ट २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए३३० टोरांटोहून लिस्बनला निघालं. आत ३०६ माणसं. थोडेच दिवस आधी उजवं इंजिन बदललं होतं. बदली आलेलं इंजिन किंचित जुन्या रचनेचं होतं. काम करताना इंधनाची नळी नव्या रचनेची बसवली, तिच्या शेजारची हायड्रॉलिकची नळी जुन्या रचनेचीच राहिली. दोन्ही बसल्या. मध्ये जेवढी फट हवी तेवढी राहिली नाही. दोघी एकमेकींना घासत राहिल्या आणि अटलांटिकवर इंधनाची नळी फुटली. इंधन संपलं, दोन्ही इंजिनं बंद पडली, आणि वैमानिकांनी इंजिनाविना १९ मिनिटं विमान हवेत राखून अझोर्स बेटांवर उतरवलं. सगळे वाचले. वैमानिक कुशल होते. तुमच्या गाडीला ब्रेक मारून रस्त्याकडेला थांबण्याची सोय आहे हे मान्य, पण आग मागून येत असताना ती सोय फार काळ पुरत नाही.

आता पंपावरचं पेट्रोलही बदललं आहे. २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढलं गेलं आणि २०२५ मध्ये गाठलंही गेलं. ऊस आपलाच, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? पण ॲडॅप्टरच्या ओ-रिंगला विचारा. साधं नायट्राइल रबर इथेनॉलमध्ये फुगतं, नरम पडतं, वाळलं की चिरतं. तिथे व्हायटॉनची रिंग लागते. दोन्ही काळ्या, दोन्ही गोल, दोन्ही एकाच डब्यात. पोऱ्याने कुठली उचलली ते कळायला दोन पावसाळे लागतात. नळीलाही हेच लागू. साध्या रबराच्या नळीऐवजी पीटीएफईच्या, म्हणजे टेफ्लॉनच्याच, अस्तराची नळी घ्यावी, ती इथेनॉलला दाद देत नाही. मात्र घेताना आतून काळं, कार्बन मिसळलेलं अस्तर बघून घ्यावं. पेट्रोल वाहताना तयार होणारी स्थिर वीज त्यातून निघून जाते. साध्या पांढऱ्या अस्तरात ती साठून ठिणगीने अस्तरालाच बारीक भोक पाडू शकते.

आणि ही नळी कापताना एकदा जाऊन बघा. बाहेरून स्टीलची जाळी. कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळायची (टेपचा हा एकमेव सन्माननीय उपयोग), मधोमध सरळ काप घ्यायचा. टेप काढली की जाळीच्या तारा पिंजारतात आणि एक तरी बोटात शिरतेच. मग जाळी जरा मागे सारून आतल्या अस्तरावर छोटी पितळी गोळी बसवायची, ती अस्तर आणि जाळीच्या मध्ये नीट गेली का हे उजेडात धरून बघायचं, हवेच्या झोताने आतला कचरा उडवायचा, आट्यांवर तेलाचा थेंब सोडायचा, आणि मग आवळायचं. रबरी नळीचं टोक या नळीला चालत नाही आणि हिचं त्या नळीला. बाहेरून दोन्ही निळी, दोन्हींवर सहा आकडा. चांगला मिस्त्री या कामात बोलत नाही. जो बोलत बोलत, फोन खांद्यावर धरून करतो, त्याच्याकडे गाडी धुवायला द्यावी.

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीवाल्यांसाठी वेगळा परिच्छेद, कारण त्यांना वेगळी खोड असते. पोलो टीएसआयसारख्या गाडीत टाकीकडून येणारी नळी कमी दाबाची, पण इंजिनावरच्या पंपापुढे दाब दीडशे-दोनशे बार, काही नव्या इंजिनांत साडेतीनशेपर्यंत. तिथे एएन, जेआयसी, नागदेवी, निळं, तांबडं, काही नाही. कंपनीची पोलादी नळी, कंपनीच्या मापाने आवळलेली. तिथे हात घालायचा तर आधी इन्शुरन्सची पॉलिसी वाचावी.

पॉलिसीवरून कायदा आठवला. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपात मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. प्रत्येक बदलामागे! आगगाडीवाल्यांनी आपापले डबे मोजून ठेवावेत. ज्यांना गाडी पळवायचीच आहे त्यांनी ती ट्रॅकवर न्यावी, कोइंबतूरला न्यावी, चेन्नईला न्यावी. तिथे गाडी सोडण्याआधी एक माणूस बॉनेट उघडून नेमकं ‘वगैरे’ बघतो.

तेव्हा पुढच्या वेळी यादी हातात आली की शेवटच्या ओळीपासून वाचायला घ्या. गॅरेजवाल्याला विचारा: पंपाच्या तोंडाचे आटे कुठले? रेलचे कुठले? शंकू किती अंशांचा? ओ-रिंग कशाची? उत्तर देण्याआधी त्याने व्हर्नियर आणि आटे मोजायची पट्टी काढली, तर टर्बोचे पैसेसुद्धा बिनधास्त त्याच्याच हातात द्या. आणि तो हसून म्हणाला, “काळजी नको शेठ, बसतंय,” तर आपणही हसावं आणि चावी परत मागून घ्यावी. गाडी मूळ अवस्थेत आहे, तिची विक्रीची किंमत अजून शाबूत आहे, आणि सुरू होते आहे, तोवरच.